बाकावरचं नाव: मुलांच्या केबल कार्यक्रमावर आलेल्या तक्रारींचं एक प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी घडलेली ही हकीकत आहे. गाव, शाळा, चॅनल आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. त्या कार्यक्रमाची संयोजक मी होते. काय ठेवायचं आणि काय काढायचं, यात शेवटचा शब्द माझा असायचा, त्यामुळं जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा आहे. मुलांच्या हाती कॅमेरा देणाऱ्यांनी, लोकल चॅनल चालवणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांच्या तक्रारी ज्यांच्या टेबलावर येतात त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आमचा पट्टा ऊसतोडीचा. दिवाळी सरली की टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, पाण्याचा ड्रम, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते ती कोयत्यावर, आणि आमच्याकडं कोयता म्हणजे जोडपं. एकट्या पोराला मिळालीच तर अर्ध्या कोयत्याची उचल मिळते. म्हणून हंगाम तोंडावर आला की सोयरिकी घाईनं जुळतात, आणि त्यात शाळकरी मुलीही जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होतं, परभणीत ४८.

जी लेकरं मागं राहतात ती आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. संध्याकाळी त्यांना सोबत असते ती टीव्हीची. त्या टीव्हीवर मराठीत मुलांसाठी फारसं काही नाही. एकेकाळी मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होतं. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका आली तेव्हा आमच्या वाचनालयात दहा-दहा पोरं एका टीव्हीसमोर बसायची. बाकी वर्षभर हिंदीतली कार्टूनं. आमची पोरं खेळतानाही हिंदीत भांडतात.

म्हणून आम्ही रविवारचा अर्धा तास सुरू केला. बालवाचनालयातली १४ मुलं, एक चांगला फोन, दोन कॉलर माइक. कोडी, एक छोटं नाटुकलं आणि मुलांनीच आणलेली एक बातमी. स्थानिक केबलचे मालक, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, यांनी आपल्या लोकल चॅनलवर रविवारी सकाळी दहाची वेळ फुकट दिली. बुधवारी संध्याकाळी सहाला तोच भाग पुन्हा लागायचा. मधल्या जाहिराती एका सराफाच्या आणि एका इंग्रजी शाळेच्या. दीड वर्ष सुरळीत चाललं. कौतुकाचे फोन यायचे. तक्रार एकदाच आली होती, की कोड्याचं उत्तर चुकीचं सांगितलं.

तो भाग

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी स्वतः विषय निवडला: वर्गातली रिकामी बाकं. सातवीतल्या मुलीनं बातमी केली, सहावीतल्या दोघांनी नाटुकलं.

नाटुकल्यात मुकादम झालेला पोरगा डोक्याला टॉवेल गुंडाळून, कमरेवर हात ठेवून दुसऱ्याला म्हणतो, “ए मुडद्या, उचल घेतली तव्हा नाही पाय दुखले?” पोरानं हे वाक्य कुठून आणलं ते विचारायची गरज नव्हती. तीन हंगाम तो आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, राहून आला होता.

बातमीत सातवीतली मुलगी आपल्या बाकाशेजारी उभी राहून बोलली: “मपली मैतरीण दिवाळीत गेली. तिचं लगीन लावून दिलं. आता ती कोयत्यावर हाय.” एवढंच. नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं नाही हे मीच मुलांना बजावलं होतं, आणि त्या खबरदारीचं मला समाधानही होतं.

तिच्या बोलण्यानंतर कॅमेरा रिकाम्या बाकावर जातो. जुनं सागवानी बाक, कडेला शाईचे डाग. त्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं नाव, खाली इयत्ता आणि तुकडी, नावाच्या शेवटच्या अक्षराला फुलाची वेलांटी. चार सेकंदांचं दृश्य. कॅमेरा धरणाऱ्या पोराला ते सुंदर वाटलं. मलाही वाटलं. मी त्याची पाठ थोपटली.

तक्रारी

सोमवारी सकाळी भाऊंच्या कंट्रोल रूममध्ये तीन पानांचं निवेदन आलं, खाली तीसेक सह्या. प्रत तहसीलदारांना, प्रत पोलीस ठाण्याला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. मुद्दे तीन. मुलांच्या कार्यक्रमात शिवी आहे. लहान मुलीच्या तोंडी लग्नाच्या गोष्टी घातल्या आहेत. गावाची आणि एका समाजाची बदनामी केली आहे.

पहिल्या मुद्द्याला कायद्याचा आधार जोडला होता, आणि तो खोटा नव्हता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. मुलांसाठीच्या कार्यक्रमात वाईट भाषा किंवा हिंसेची उघड दृश्यं नसावीत याची काळजी घ्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुलांनी बघू नये असा कार्यक्रम, मुलं जास्तीत जास्त संख्येनं टीव्हीसमोर असतात त्या वेळी दाखवू नये, हेही त्याच नियमात आहे.

निवेदन लिहिणाऱ्यांत एक तरुण वकील होते. त्यांनी उपग्रह वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडंही ऑनलाइन तक्रार टाकली. ती तिथून परत आली, कारण ती संस्था आपल्या सभासद वाहिन्यांपुरती. इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण बऱ्याच जणांचा घोळ होतो. मोठ्या वाहिनीबद्दल तक्रार असेल तर जून २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडं लिहायचं. तिनं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडं जायचं, तिला ६० दिवस. त्यानंतर केंद्र सरकार. आमच्यासारख्या गावातल्या लोकल चॅनलसाठी मात्र दार जवळ आहे: १९९५ च्या केबल कायद्यात जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत, आणि संहितेचा भंग दिसला तर कलम १९ खाली ते प्रक्षेपण थांबवू शकतात.

भाऊंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते घाबरले होते. “ताई, परवाना माझा हाय,” ते म्हणाले. “बुधवारच्या आत काहीतरी करा.”

समोरचे पर्याय

सोमवारी दुपारी भाऊ, मी आणि चॅनलचा संपादन करणारा मुलगा असे तिघं बसलो. त्या बैठकीत एकही लेकरू नव्हतं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही.

भाग आहे तसा पुन्हा दाखवावा, हा माझा पहिला विचार. मुडद्या ही आमच्याकडं आई पोराला लाडानंही घालते अशी शिवी आहे, आणि लग्नाचं वाक्य खरं होतं.

बुधवारचं प्रक्षेपण तूर्त थांबवावं, हे संपादन करणाऱ्या मुलानं सुचवलं. भाऊ म्हणाले, थांबवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल, लोक डोक्यावर बसतील. मला ते पटलं. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात शहाणी सूचना ही होती, आणि ती आम्ही दोन मिनिटांत बाजूला ठेवली.

काही न काढता भागाआधी एखाद्या मोठ्या माणसानं दोन वाक्यं बोलावीत, असंही निघालं. १९९७ नंतर ‘शक्तिमान’ पाहून पोरं त्याची नक्कल करतात अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्या नायकानंच पडद्यावर येऊन मुलांना समजावलं होतं. आमच्या पिढीला ते आठवतं. पण बोलणार कोण? भाऊ तयार नव्हते, आणि मी उभी राहिले तर आगीत तेल.

उरला कात्रीचा पर्याय. निवेदन देणाऱ्यांपैकी एकानं फोनवर ‘शिनचॅन’चा दाखला दिलाच होता: २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून ते कार्टून बंद झालं आणि २००९ मध्ये काटछाट करून परत आलं. मग तुम्हाला कापायला काय हरकत? त्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. तिथं मोठ्यांनी लिहिलेलं, दुसऱ्या देशातून आलेलं बोलणं कापलं. इथं गावातलं खरंखुरं लेकरू स्वतःचं बोलणं बोलत होतं. एखाद्या लेखकाचं वाक्य कापणं आणि एखाद्या मुलीची साक्ष कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही काय केलं

मंगळवारी रात्री मुडद्या या शब्दावर बीप टाकला. सातवीतल्या मुलीची पुढची दोन वाक्यं काढली. वेळ कमी पडायला लागला. चॅनलवर पुढची जाहिरात ठरलेल्या मिनिटाला सुरू होते, म्हणून पाच सेकंद कुठून तरी भरायचे होते. संपादन करणाऱ्यानं बाकाचं दृश्य ताणलं. चारचे नऊ सेकंद झाले. मी मागं उभी होते. म्हणाले, छान दिसतंय, राहू दे.

बुधवारी सहाला ते लागलं. आता ते असं होतं: मुलगी म्हणते, “मपली मैतरीण दिवाळीत गेली.” मग शांतता. मग नऊ सेकंद बाकावरचं नाव.

मराठी वाचणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आपल्याकडं बाई ‘गेली’ म्हटलं की ती एक तर मेलेली असते, नाही तर कुणाबरोबर तरी निघून गेलेली असते. पुढच्या दोन वाक्यांनी त्या ‘गेली’ला अर्थ दिला होता, आणि ती दोन्ही आम्ही काढली होती. बीपचंही तसंच. रविवारी मुडद्या ऐकून कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. बुधवारी बीप ऐकून गल्लीतली पोरं एकमेकांना विचारत होती की तो कोणती शिवी बोलला, आणि एकाहून एक घाण शब्द सांगत होती.

जी तक्रार नोंदवलीच गेली नाही

गुरुवारी सकाळी वाचनालय उघडलं तर पायरीवर एक म्हातारी बसलेली. चपला हातात. आत या म्हटलं तर आली नाही.

“बाई, मपल्या नातीचं नाव टीव्हीत दाविलं तुमी.”

मी म्हणाले, नाव नाही घेतलं, मावशी.

“घेतलं नाही. दाविलं. मला वाचता येत नाही, शेजारच्या पोरानं वाचून दाविलं.” मग म्हणाली, “लोक इचारायलेत, पोरगी मेली का पळाली. तिकडं कारखान्यावर कुणीतरी फोनात धाडलं. सासरच्यांनी तिचा फोन काढून घेतला. काल रातच्यानं आवाज नाही.”

कुणीतरी टीव्हीसमोर फोन धरून बुधवारचा भाग टिपला होता आणि टोळीच्या गटात टाकला होता. रात्रीतून तो पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडापर्यंत पोचला.

तिच्याकडं कागद नव्हता, सह्या नव्हत्या, कलम नव्हतं. तीन पानांच्या निवेदनात बाकाबद्दल एक शब्द नव्हता. भाऊंच्या तक्रार वहीत सोमवारपासून अकरा नोंदी झाल्या होत्या, त्यात ही नव्हती, कारण वही कंट्रोल रूममध्ये आणि म्हातारी वाचनालयाच्या पायरीवर. कार्यक्रमानं ज्या एका घराचं खरोखर नुकसान केलं, त्या घराची तक्रार शेवटी आली, तोंडी आली आणि चुकीच्या पत्त्यावर आली. आम्ही मात्र ज्यांचं काही बिघडलं नव्हतं त्यांच्यासाठी कात्री चालवून बसलो होतो.

हे केवळ वाईट दिसण्यापुरतं नव्हतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोवळ्या वयात लग्नाच्या दारात उभी असलेली मुलगी त्या कायद्याच्या व्याख्येत बसते. मी मुलांबरोबर वीस वर्षं काम करते. हे कलम मला माहीत होतं. नाव उच्चारलं नाही म्हणजे झालं, असं धरून चालले होते.

त्याच सकाळी दुसरी एक गोष्ट झाली. सातवीतली मुलगी शाळेला जाताना डोकावली. तिनं बुधवारी घरी सगळ्यांना गोळा करून बसवलं होतं.

“बाई, मपलं बोलणं कुठं गेलं?”

कापावं लागलं, असं काहीतरी मी सांगितलं.

“मी खोटं बोलले व्हते का?”

तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पटण्यासारखं नव्हतं एवढं आठवतं. त्यानंतर ती दोन महिने वाचनालयात आली नाही.

पुढचे निर्णय

गुरुवारी दुपारी तीन कामं केली. केबलवरच्या फाइलमधून तो तुकडा काढायला लावला. चॅनलच्या पट्टीवर, नाव न घेता, बुधवारच्या भागात संपादनाची गंभीर चूक झाली आणि त्याबद्दल दिलगीर आहोत, अशी ओळ दोन दिवस फिरवली. नाव घेऊन खुलासा करावा असं भाऊंचं म्हणणं होतं, म्हणजे अफवा थांबेल. मी नाही म्हणाले. खुलासा म्हणजे नाव पुन्हा एकदा.

तिसरं काम सगळ्यात अवघड होतं. आजी तक्रार घेऊन आली होती ती नावाची, लग्नाची नव्हे. पोलीस, साहेब, काही नको, फक्त ते पुसा, एवढंच तिचं मागणं. पण मुलीचा फोन काढून घेतलाय हे ऐकल्यावर मी गप्प बसू शकत नव्हते. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी दिलं. आजीला आधी सांगून केलं, विचारून नव्हे. ती उठून गेली आणि पुढं कितीतरी दिवस रस्त्यात दिसली तरी मान वळवायची. मुलीशी बोलणं झालं, ती सुखरूप आहे असं कक्षाकडून चौथ्या दिवशी कळलं. त्यापुढं तिचं काय झालं हे मला माहीत आहे आणि मी ते इथं लिहिणार नाही. तिच्याबद्दल जेवढं दाखवायचं त्याहून जास्त आधीच दाखवून झालं आहे.

एक प्रश्न मला पुढं बाल संरक्षण कक्षातल्या बाईंनी विचारला: हे लग्न झाल्याचं तुम्हाला शूटिंगच्या दिवशी कळलं होतं, मग आम्हाला का नाही सांगितलं? प्रेक्षकांना सांगितलं, गावाला सांगितलं, पण ज्यांच्याकडं ते काम आहे त्यांना नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे आमच्याकडं गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. वाचनालयापासून ग्रामपंचायत किती लांब? पाच मिनिटं.

जिल्हाधिकारी कार्यालयात

दोन आठवड्यांनी बोलावणं आलं. केबल आणि वाहिन्यांवर लक्ष ठेवणारी जिल्हा समिती केंद्राच्या २००५ आणि २००८ च्या आदेशांनुसार असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा पोलीस प्रमुख, सदस्य सचिव म्हणून जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, मुलांसाठी आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, एक शिक्षणतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ. आमच्या बैठकीला यातले सहा जण होते.

निवेदनवाल्यांनी शिवीबद्दल आणि बदनामीबद्दल सांगितलं. माझी पाळी आल्यावर मी बाकाबद्दल बोलले. भाऊंनी खालून माझा पदर ओढला, कारण जे कुणी विचारलंच नव्हतं ते मी स्वतःहून सांगत होते. पण त्या खोलीत ते कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि आजी तिथं नव्हती.

मानसशास्त्राच्या प्राध्यापिकांनी दोन्ही भाग लावायला सांगितले. रविवारचा झाला. मग बुधवारचा. नऊ सेकंद खरोखर किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. नंतर त्यांनी एकच विचारलं: “हे कापताना मुलं कुठं होती?”

समितीनं बंदीची शिफारस केली नाही. लेखी समज मिळाली: बालविवाह हा विषय मुलांच्या कार्यक्रमात यायला हरकत नाही, मुलाची ओळख कोणत्याही रीतीनं उघड होऊ देऊ नये, मुलांच्या तोंडी शिवी टाळावी, तक्रारींची नोंद तोंडी असली तरी ठेवावी. निवेदन देणाऱ्यांना बदनामीचा मुद्दा मान्य झाला नाही याचं वाईट वाटलं, पण ते चांगल्या शब्दांत बोलून गेले. त्यातल्या एका आजोबांनी बाहेर चहा पिताना मला विचारलं, “ते नाव कोणाच्याच ध्यानात कसं नाही आलं हो?” त्यांना खरंच त्रास झाला होता. त्यांनाही नात होती.

परिणाम

कार्यक्रम तरीही बंद पडला. कुणा अधिकाऱ्यानं बंद केला नाही. सराफानं जाहिरात काढली, मग शाळेनं काढली, मग भाऊ म्हणाले, “ताई, काही दिवस राहू द्या.” मला वाटतं लहान गावातली बहुतेक सेन्सॉरशिप अशीच घडते. आदेश नसतो, शिक्का नसतो, अपील करावं असा कागद नसतो. फक्त वेळ दुसऱ्याला दिली जाते. आमच्या दहाच्या वेळेला भक्तिगीतं लागली.

भाऊंना दोष देणं सोपं आहे, पण त्यांचं पोट त्या तारेवर आहे. केबल कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं निघाली. आता समज, ताकीद, दंड अशा पायऱ्या आहेत. हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर कदाचित ते इतके घाबरले नसते. ते सांगायचं काम माझं होतं.

जूनमध्ये शाळा भरल्यावर कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. पंधरा दिवसांतून एकदा, जाहिरातीशिवाय, आणि पुन्हा प्रक्षेपण नाही. सातवीतली, आता आठवीतली, मुलगी परत आली. तिची अट होती: काही कापायचं असेल तर आधी तिला दाखवायचं. ही अट आता सगळ्या मुलांना लागू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारी आम्ही तिन्ही मुद्दे एकाच गठ्ठ्यात घेतले आणि त्या गठ्ठ्याला कात्री हे एकच उत्तर काढलं. खरं तर प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर होतं. शिवीबद्दल नियम होता, त्यावर चर्चा करता आली असती. लग्नाच्या बोलण्याबद्दल नियम नव्हता, फक्त अस्वस्थता होती. ती ऐकून घ्यायची, पण तिच्यासाठी वाक्य काढायचं नाही. बदनामीच्या मुद्द्याला गावासमोर बसून उत्तर द्यायचं. असं तिघांना तीन ठिकाणी बसवलं असतं तर या तिघांपलीकडं कुणाचं काही बिघडलंय का, हा प्रश्न सुचायला जागा राहिली असती. आता आमच्या वहीत एक जादा रकाना आहे: या दृश्यात दिसणाऱ्या किंवा जिच्याबद्दल बोललं गेलं त्या व्यक्तीशी आपण बोललो का? पहिल्याच आठवड्यात कळलं की हा रकाना भरायला तक्रार यायची वाट बघावी लागत नाही.

बुधवारचं प्रक्षेपण थांबवायला हवं होतं. एक पुनर्प्रक्षेपण आठवडाभर लांबणं म्हणजे सेन्सॉरशिप नव्हे. आम्हाला ती माघार वाटली, आणि माघार वाटू नये म्हणून आम्ही एका रात्रीत घाईनं कापाकापी केली.

कापलेला भाग अख्खा, सुरुवातीपासून, ज्याला मूळ माहीत नाही अशा माणसाला दाखवायला हवा होता. आम्ही तिघंही ती दोन वाक्यं मनातल्या मनात ऐकत होतो, म्हणून ‘गेली’ आम्हाला खटकली नाही. हल्ली कापाकापी झाली की शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या काकू येऊन बघतात आणि काय समजलं ते सांगतात. दोनदा त्यांच्यामुळं वाचलो.

मुडद्याबद्दल मात्र माझं आणि प्राध्यापिका बाईंचं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पोरगं अनुभवातून बोललं तरी बघणारं सहा वर्षांचं लेकरू फक्त शब्द उचलतं, आणि नियम त्या लेकरासाठी आहे. माझं म्हणणं, ते सहा वर्षांचं लेकरू कोपीत तो शब्द रोज ऐकतं. पडद्यावर पहिल्यांदाच त्या शब्दाला कुणीतरी वाईट माणसाच्या तोंडात ठेवला होता. त्यांना माझ्या म्हणण्यातला धोका दिसतो, मला त्यांच्या म्हणण्यातला. तो पोरगा आता मुकादमाचं काम करताना शिवीऐवजी नुसता डोळे वटारतो, आणि मला कबूल करायला हवं, ते जास्त भीतिदायक दिसतं.

मूळ फाइल आम्हाला लगेच पुसता आली नाही. लोकल चॅनलवरच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं, आणि चौकशी सुरू असताना पुसणं योग्यही नव्हतं. चौकशी संपली, मुदत भरली, तेव्हा कॅमेरा धरणाऱ्या पोरालाच बोलावलं. त्यानं ती पुसली, कचरापेटीतूनही काढली, आणि मग विचारलं, “लोकांच्या फोनातली कशी पुसायची?”

आजीनं एकदा हेच विचारलं होतं. शूटिंगच्या आधी आता मुलं वर्गात फिरून बाकं तपासतात, आणि कोरलेल्या नावावर दप्तर ठेवतात.